तिजोरी मिनिटांत मोजतात

कोल्हापूर,
रविवार

प्रिय भावा,

तुझं पत्र मिळालं. तुमच्याकडच्या पोरांनी 'थीफ' सिनेमा अर्ध्यावर बंद केला, "लई संथ आहे" म्हणाले, आणि आता इकडच्या लोकांचं काय मत आहे असं तू विचारतोस. इकडं सरळ दोन तट पडलेत. ते वयावरून पडलेले नाहीत, कामावरून पडलेत. ज्यांच्या हातात कधी तापलेलं लोखंड आलं नाही ते म्हणतात लांबवलाय. उद्यमनगरातले कारखानेवाले म्हणतात, तिजोरी कापायचा भाग अजून दहा मिनिटं चालला असता तरी बघितला असता. मी उद्यमनगराच्या बाजूचा आहे, आणि का ते सांगतो.

सिनेमा १९८१ चा. मायकल मान यांनी चित्रपटगृहासाठी केलेला पहिलाच. जेम्स कान यांनी केलेला फ्रँक हा शिकागोतला मुरलेला चोर आहे. अकरा वर्षं तुरुंगात काढलेली, वरवर गाड्या विकायचा धंदा, आणि आता एक मोठा हात मारून संसाराला लागायचं मनात. गोष्ट एवढीच. "पुढं काय होणार ते कळतंय" अशी तक्रार करणारे बरोबरच बोलतात, कारण गोष्टीत वळणं नाहीतच. सगळी ताकद कामात आहे.

आता तिजोरीचं गणित बघ. तिजोरी कधी 'अभेद्य' म्हणून विकली जात नाही, ती मिनिटांवर विकली जाते. अमेरिकेतल्या चाचणीत टीएल-१५, टीएल-३० असे दर्जे आहेत. आकडा म्हणजे मिनिटं. आतली रचना माहीत असलेली जाणती माणसं हत्यारं घेऊन दारावर तुटून पडतात, आणि हत्यार प्रत्यक्ष दाराला लागलेलं असतं तेवढाच वेळ मोजतात. हत्यार बदललं, दम घेतला, की घड्याळ थांबतं. म्हणजे तिजोरी घेणारा खरं तर वेळ विकत घेतो, आणि चोर तोच वेळ आपल्या अंगानं फेडतो. मग हे काम दोन मिनिटांच्या गाण्यात उरकलं तर सिनेमात उरलं काय? तुमच्या पोरांना जो संथपणा वाटला, तो दाराच्या जाडीचा आहे.

सुरुवातीच्या पावसाळी रात्रीचा प्रसंग परत बघ. दाराला चिकटवलेलं जड ड्रिल, त्यावर एकसारखा दाब, आणि भोकातून बाहेर येणारा चुरा. कॅमेरा त्या भोकाच्या आतच शिरतो. लेथवर काम करणारा माणूस हे बघताना आपोआप पुढं सरकतो, कारण चुरा कसा निघतोय यावरून ड्रिलचं बिट धार धरतंय की नुसतं घासतंय हे त्याला कळतं. दाब कमी पडला तर बिट पोलादावर फिरत राहतं, तापतं, धार जाते. दाब जास्त झाला तर बिट मोडून भोकातच अडकतं, आणि मग तेवढं भोक फुकट. कान यांचा खांदा त्या दाबानं खरंच भरून आलेला दिसतो. ही हत्यारं दिखाऊ नव्हती. जॉन सँटुची नावाचा खराखुरा चोर या सिनेमाचा सल्लागार होता आणि त्याचीच हत्यारं वापरली. त्यानं पडद्यावर पोलिसाचं काम केलं, आणि तेव्हा शिकागो पोलिसात नोकरीला असलेल्या डेनिस फरिना यांनी गुंडाचं.

मोठी चोरी लॉस एंजेलिसची. तिथं ड्रिल चालत नाही, म्हणून लान्स, म्हणजे ऑक्सिजनवर जळत कापणारी नळी. हे आपल्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना समजावून सांगावं लागत नाही. कपोल्याच्या, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीच्या, तोंडाशी रस गोठला की लोखंडी नळीतून ऑक्सिजन सोडून ते तोंड जाळून उघडतात, त्याचाच हा थोरला भाऊ. नळीत लोखंडी तारा ठासून भरलेल्या असतात, टोक पेटवायचं आणि मागून ऑक्सिजन सोडायचा. मग नळी स्वतःच जळत जाते आणि तीच उष्णता देते. साध्या गॅस कटरनं बीड नीट का कापलं जात नाही ते तुला माहीत आहे. बिडाचा ऑक्साइड बिडापेक्षा जास्त तापमानाला वितळतो, त्यामुळे काप साफ होत नाही. स्टेनलेसवर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते, आणि तांबं तर उष्णता ओढूनच नेतं. म्हणूनच भारी दारांत असे वेगवेगळे थर एकावर एक घालतात. लान्सला त्यातलं काही अडवत नाही, काँक्रीटसुद्धा.

सिनेमात काय बरोबर आहे? एक म्हणजे चोर आधी धातू जाणणाऱ्या माणसाकडे जातो, हत्यार नंतर ठरवतो. अंगावर जाड कपडे, तोंडावर काच, बाजूला आग विझवायचं नळकांडं घेऊन उभा असलेला जोडीदार, हेही नेमकं. पण सगळ्यात खरं म्हणजे दार उघडल्यानंतर फ्रँक काय करतो ते. तो हिऱ्यांकडे धावत नाही. खुर्चीवर बसतो आणि सिगारेट पेटवतो. भट्टी उतरवून झाल्यावर माणूस जसा बसतो तसा, हात गुडघ्यांवर टाकून. माझ्या मते हा सिनेमातला सगळ्यात मोलाचा क्षण आहे, आणि "तिथं काहीच घडत नाही" म्हणणाऱ्यांचं मला मनापासून वाईट वाटतं.

चुकलंय तेही सांगतो, कारण आपली माणसं तेही बोलतात. धूर कमी दाखवलाय. बंद खोलीत एवढं पोलाद जाळलं तर समोरचा हात दिसू नये. तीन मीटरची नळी काही मिनिटांत संपते, म्हणजे नळ्यांचा भारा लागतो. आपल्याकडचा सात घनमीटरचा सिलिंडर जाड लान्सला फार वेळ पुरत नाही, म्हणजे तीन-चार एकत्र जोडायला हवेत. ते एवढ्या वर कसे चढवले हा उद्यमनगरचा हमखास प्रश्न. आणि ज्या हातांनी वंगण हाताळलं तेच ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला लावले तर कसा भडका उडतो हे एकदा कानावर पडलेला माणूस त्या प्रसंगात फक्त हातांकडेच बघत बसतो.

गुजरीतल्या सराफांचं मत वेगळंच, आणि ते मला फार आवडलं. सुरुवातीच्या चोरीत फ्रँक बाकी ऐवज बाजूला टाकून सुटे हिरेच घेतो, यावर सामान्य प्रेक्षक हळहळतो. सराफ मान हलवतो. दागिना आटवला की मजुरी बुडाली, घट आली, शिवाय वजन आणि ओळख दोन्ही अंगावर. सुटा हिरा मुठीत मावतो. पण त्यांनीच अजून एक सांगितलं: हिरा म्हणजे कार्बन, ऑक्सिजनमध्ये साधारण ८०० अंशांच्या आसपास तो जळतो. हिरा जडवलेल्या दागिन्याला डाग लावताना, म्हणजे सांधा जोडताना, कारागीर त्यावर बोरिक पावडरचा लेप देतो तो त्यासाठीच, नाहीतर हिरा दुधाळ होतो. त्यामुळे लान्सनं दार फोडताना माल भोकाजवळ असता तर फ्रँकच्या हाती पांढरट खडे आले असते. आत लांबच्या कप्प्यात होता म्हणून वाचला.

सगळ्यात जोराचं भांडण शेवटावरून आहे. म्होरक्या लिओ ठरलेले पैसे हातात देत नाही, बहुतेक रक्कम परस्पर शॉपिंग सेंटरच्या धंद्यात 'गुंतवून' टाकतो. मग फ्रँक बायकोला, जेसीला, आणि मुलाला घालवून देतो, स्वतःचं घर उडवतो, गाड्यांचा धंदा पेटवतो. बायकांचा या शेवटावर राग आहे आणि तो रास्त आहे. जेसीच्या तोंडी त्या वेळी पुरेसं काही दिलेलंच नाही, इथं लेखन कच्चं आहे. पण "अचानक बदलला" हे मी मान्य करणार नाही. रात्रीच्या हॉटेलात तो जेसीला तुरुंगाबद्दल सांगतो तो लांब प्रसंग परत बघ. आपल्याला कशाचंच काही वाटेनासं झालं, तेव्हा आपण तिथं जगलो, असं तो स्वतःच सांगतो. शेवटी तो त्याच मनःस्थितीत परत जातो.

संगीताचंही तसंच. टँजरिन ड्रीम या बँडच्या त्या इलेक्ट्रॉनिक सुरांना तेव्हा 'सर्वात वाईट' संगीताच्या रॅझी पुरस्काराचं नामांकन मिळालं होतं. आज तेच ऐकायला लोक सिनेमा लावतात. माझं मत मधलं: ड्रिल आणि लान्सच्या जागी ते यंत्राच्या घरघरीत बेमालूम मिसळतं, शेवटच्या गोळीबारात मात्र वरून ओतल्यासारखं वाटतं.

पोरांना संथ वाटत असेल तर आधी १९५५ चा 'रिफिफी' दाखव. ज्यूल दासँ यांचा. तिथला टोनीही तुरुंगातून नुकता सुटलेला, खोकणारा, उतरणीला लागलेला चोर. वरच्या मजल्यावरून छताला भोक पाडतात, भोकातून छत्री खाली सोडून उघडतात, की पडणारा चुना-विटांचा चुरा तिच्यात साठावा आणि आवाज होऊ नये. अलार्मच्या घंटेत आग विझवायचा फेस भरतात. जवळजवळ अर्धा तास एक शब्द नाही, संगीत नाही. ते बघताना पोरं गप्प बसली तर 'थीफ' लाव. छत्रीलाच हसली तर राहू दे.

खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्तंभ आहे ना, त्यावरून परवा बोलणं निघालं होतं. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमाराला याच गावात स्वतः कॅमेरा घडवला. इथल्या प्रेक्षकाची नजर नटाच्या तोंडाआधी हत्यारावर जाते ती तेव्हापासूनची असावी, असं मला वाटतं.

मोबाइलवर बघू नका. अर्धा सिनेमा अंधारात आणि ओल्या रस्त्यावर आहे, छोट्या पडद्यावर काळ्यात काळं होतं. खोलीतला दिवा घालवा, आवाज नीट स्पीकरवर घ्या, आणि खुर्चीवरच्या त्या सिगारेटपर्यंत कुणाला उठू देऊ नकोस. मग कोण काय म्हणालं ते नावानिशी कळव, विशेषतः वहिनींचं जेसीबद्दलचं मत.

तुझा,
दोस्त