रविवारच्या फेरीसाठी पाण्याची सूचना

मंडळी, येत्या रविवारी पहाटे साडेपाचला सेमिनरी हिल्सवर, जपानी गार्डनच्या गेटपाशी जमायचं.

मागच्या खेपेला बऱ्याच जणांच्या हाती व्हिटॅमिनवाल्या फ्लेवर्ड पाण्याच्या बाटल्या दिसल्या. आणा, पण आधी लेबल वाचा. साखर १०० मिलिलिटरमागे लिहिली असेल आणि बाटली ५०० ची असेल, तर आकडा पाचपट धरा. बी, सी जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. जास्तीची बहुतेक लघवीवाटे जातात. पैसेही त्याच वाटेने!

• साधं पाणी प्रत्येकी एक लिटर.
• कैरीचं पन्हं मंडळातर्फे, पेला घरून आणा. शुगरवाल्यांसाठी बिनगुळाचं वेगळं असेल, आधी कळवा.

रिकामी बाटली टेकडीवर टाकलेली चालणार नाही.