जागून पाहिलेला काला

मांद्रे, पेडणे, गोवा

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

पन्नाशीच्या आत करायच्या गोष्टींची यादी मी गेल्या वर्षी डायरीच्या शेवटच्या पानावर लिहिली, तेव्हा ती वाचून आईने ‘यात परदेश कसा नाही’ असे विचारले होते. त्या यादीतली तिसरी ओळ काल रात्री पुरी झाली: जत्रेतला दशावतारी काला, म्हणजे रात्रभर चालणारे ते पौराणिक नाटक, गणपतीच्या प्रवेशापासून पहाटेच्या दहीहंडीपर्यंत, मध्ये न झोपता पाहणे. लहानपणी संकासुराच्या पलीकडे मला काही दिसलेच नाही. त्याचा काळा वेष आणि लांब लाल जीभ पाहून मी आधी घाबरत असे, मग त्याच्या बोलण्यावर हसत असे, आणि विष्णूने त्याला मारून ब्रह्मदेवाचे वेद सोडवले की बाबांच्या मांडीवर डोके टेकत असे. जाग यायची ती थेट घरी, अंथरुणात, आणि आख्यानात पुढे काय झाले ते बाबा सकाळच्या चहाबरोबर सांगत.

काल पालखीची प्रदक्षिणा आटोपून खेळ उभा राहीपर्यंत मध्यरात्र उलटली होती. काकींनी चटई आणि शाल घेतली होती. पुढे प्लॅस्टिकच्या खुर्च्या आहेत, पण जुन्या बायका अजूनही मंडपाबाहेर उघड्यावर, जमिनीवरच बसतात, आणि दव पडू लागले की पदर डोक्यावरून घेतात. नेपथ्य म्हणाल तर एक लाकडी बाकडे. राजाचा दरबार, वृंदेचा महाल आणि रणभूमी या सर्वांचे काम त्या एका बाकड्यावर भागले, आणि कुठेही काही कमी पडल्यासारखे वाटले नाही.

आख्यान वृंदा-जालंदराचे होते. संहिता लिहिलेली नसते, कथा ठरवून घेतली की नट संवाद जागच्या जागी बोलतात, हे बाबांनी मला अनेकदा सांगितले होते. पण वृंदेची भूमिका करणारा पुरुष नट पायपेटीच्या सुरावर गात गात विष्णूला जाब विचारू लागला, तेव्हा हे सारे त्याला त्याच क्षणी सुचत आहे यावर माझा विश्वास बसेना. जालंदर तिच्या पातिव्रत्यामुळे अजिंक्य ठरलेला, म्हणून विष्णू त्याचेच रूप घेऊन तिला फसवतो, आणि तिकडे शंकराच्या हातून जालंदर मारला जातो. आपण कोणाला पती समजलो हे कळल्यावर वृंदा आधी ओरडली नाही. बाकड्याच्या कडेवर बसून तिने कपाळावरचे कुंकू हळूहळू पुसले, आणि पखवाज थांबला. मग तिने देवालाच पाषाण होण्याचा शाप दिला. आई, तू दरवर्षी तुळशीचे, म्हणजे याच वृंदेचे, लग्न शाळिग्रामाशी, म्हणजे शिळा झालेल्या विष्णूशी, लावतेस, त्यामागे एवढा राग आहे हे मला इतक्या वर्षांत कधी जाणवले नव्हते. विष्णूचे वागणे मला पटले नाही ते नाहीच. शेजारच्या आजींनाही पटले नसावे, कारण त्या त्याच्याकडे पाहून ‘नाका तुजें देवपण’ (नको तुझे देवपण) असे स्पष्ट ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या.

उजाडता उजाडता हंडी फुटली. काल्याचा प्रसाद हातावर घेतला तेव्हा नटांनी रंग अर्धवट पुसले होते, आणि वृंदा लुंगी नेसून पेटाऱ्यापाशी चहा पीत उभी होती. मला तिच्याशी बोलायचे होते, पण धीर झाला नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे कळवते. तीनच्या सुमारास, पखवाजाच्या ठेक्यावर गिरक्या घेत युद्ध चालू असताना, माझा डोळा लागला होता, आणि काकींनी कोपराने ढोसून मला उठवले. त्यांच्या मते मी पाच मिनिटेच झोपले, काकांच्या मते चांगली वीस. तेव्हा यादीत खूण करावी की पुढच्या जत्रेला पुन्हा यावे, याचा निकाल बाबांनीच द्यावा. गुडघ्यांना जमले तर त्या वेळी सोबतही यावे. जत्रेतले खाजे रविवारी घेऊन येते.

आपली,
धाकटी