डांबराआधी माती बघा: बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक बांधकाम मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

आमच्या गावापासून फाट्यापर्यंतचा रस्ता दोन वर्षांपूर्वी डांबरी झाला. पहिल्याच पावसाळ्यानंतर साईडपट्टीच्या कडेनं लांबच लांब भेग पडली. दुसऱ्या पावसाळ्यात ती चाकोरीपर्यंत आली आणि आता उसाची ट्रॉली तिथं एका अंगाला कलते. गाव म्हणतं, डांबर खाल्लं. खाल्लंही असेल. पण चोख डांबर ओतलं असतं तरी हा रस्ता फुटलाच असता, असं मला वाटतं.

मे महिन्यात माझ्या काळ्या मातीच्या रानातल्या भेगेत पराणी निम्मी आत जाते. मृग बरसला की तीच भेग मिटते आणि माती फुगून वर येते. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. ते आपल्या पापुद्र्यांत पाणी ओढून घेतं. आमचे आजे उगाच घराचा पाया मुरूम लागेपर्यंत खणत नव्हते.

रस्त्याच्या मधली माती डांबराखाली झाकलेली असते, तिची ओल फारशी बदलत नाही. कडेची मात्र उन्हाळ्यात आकसते, पावसात फुगते. म्हणून भेग कडेला पडते, भेगेतून पाणी आत जातं आणि पाया लोण्यासारखा होतो. त्यात भरावाची माती रस्त्यालगतच खणलेली असते. त्या खड्ड्यात दिवाळीपर्यंत डबकं. (मोऱ्या बुजवणारे आमच्यातलेच शेतकरी आहेत, तेही लिहितो.)

मुलगा सिव्हिलचा डिप्लोमा शिकला. त्याच्याकडून एक चाचणी कळली. चाळलेली कोरडी माती 10-10 ग्रॅम घ्यायची, एका नळीत पाणी, दुसऱ्या नळीत रॉकेल घालून 24 तास ठेवायची. रॉकेलात माती फुगत नाही. पाण्यातली किती जास्त फुगली, तो फुगवट्याचा आकडा. तो 50 टक्क्यांच्या वर गेला तर ती माती भरावाला वापरू नये, असं रस्तेबांधणीच्या सरकारी मानकांतच आहे. आमच्या रस्त्याकडेची माती जवळजवळ दुप्पट फुगली.

उपाय नवे नाहीत. मातीची ढेकळं फोडून साधारण 3 ते 6 टक्के चुना कालवला, दबई केली आणि काही दिवस ओल टिकवली, तर फुगणं पुष्कळ कमी होतं. चुना मात्र ताजा हवा. उघड्यावर पडलेली पोती कामाची नाहीत. आयआयटी मुंबईच्या प्रा. आर. के. कट्टी यांनी फुगणारी माती आणि वरचं बांधकाम यांच्या मध्ये न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर घालण्याची पद्धत कित्येक दशकांपूर्वी दाखवून दिली. पण हे सगळं जमिनीखाली जातं. उद्घाटनाच्या फोटोत चुना दिसत नाही, वरचं डांबराचं कार्पेट दिसतं.

माझं मागणं मोठं नाही. कामाच्या फलकावर ठेकेदाराचं नाव आणि रक्कम असते, तिथंच मातीच्या फुगवट्याचा आकडा आणि त्यावर काय केलं हे लिहा. कडेचे चर आणि साईडपट्टीचा मुरूम हे काम डांबराच्या आधी मोजा, 'शिल्लक निधीतून' नको.

आमचा रस्ता पुन्हा मंजुरीला आहे म्हणतात. नव्या कार्पेटचं अंदाजपत्रक करण्याआधी माती न्यायला माणूस पाठवा. खड्डा मी खणून ठेवतो. रॉकेल तेवढं तुम्ही आणा, रेशनवर आता मिळत नाही.

आपला,
परभणी जिल्ह्यातील एक शेतकरी