नाव न सांगता राबणाऱ्यांचे आभार

पोलिसांनी रचलेल्या पुराव्यावर शिक्षा भोगणाऱ्या कैद्यासाठी झटणाऱ्या सर्वांचे मनःपूर्वक आभार.

पहिला मान खटल्याच्या कागदपत्रांच्या प्रमाणित नकला वेळेत काढून देणाऱ्या कारकुनांचा. नुसत्या निकालपत्राने भागत नाही. साक्षींची पाने, पंचनामे, मुद्देमालाच्या (जप्त वस्तूंच्या) नोंदवहीचा उतारा, सगळे लागते. बनाव अनेकदा नोंदवलेल्या वेळांमधून उघडा पडतो: पंचनाम्यावर एक वेळ, स्टेशन डायरीत (पोलीस ठाण्याच्या रोजच्या नोंदवहीत) दुसरी. दोन साक्षीदारांचे जबाब शुद्धलेखनाच्या चुकांसकट सारखे असतील, तर ते त्यांच्या तोंडचे नाहीत, असा दाट संशय येतो. रात्र रात्र जागून हे जबाब ओळीला ओळ लावून तपासणाऱ्या विद्यार्थ्यांचे ऋण फार मोठे.

रक्ताचा ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की डीएनए कुजतो. तो वाळवून कागदी पाकिटात ठेवावा लागतो. हे समजावणाऱ्या तज्ज्ञांचे, आणि अपील संपले तरी मुद्देमाल नष्ट करू नये म्हणून आधी अर्ज टाका, असे बजावणाऱ्या वकिलांचेही आभार.

आणि दबावाखाली दिलेली साक्ष बदलायला पुढे आलेल्यांनो, तुमचे धैर्य खरेच मोठे. न्यायालये अशा प्रतिज्ञापत्राकडे संशयाने पाहतात, म्हणून त्याला फोन नोंदी, हजेरीपट असा स्वतंत्र आधार जोडणे चालू आहे.