दगड घासायला कंटाळू नकोस

सातारा

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालीस, कला महाविद्यालयाच्या या सत्रात चित्र असं काही होतच नाही. लिथोचा, म्हणजे ज्यावर चित्र काढून छाप घेतात तो दगड घासायचा, कॅनव्हास ताणायचा, कातड्याचा चिकट सरस शिजवायचा आणि दुखरे हात घेऊन होस्टेलवर यायचं. वर्गातली मुलं म्हणतात, आता कल्पना महत्त्वाची, बाकी सगळं बाजारात तयार मिळतं. फोनवर मला नीट सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

माझं म्हणणं असं, की हीच कामं तू जीव लावून शिकून घे. कल्पना तुला पन्नाशीतही सुचेल. पण दगड, प्रेस, ॲसिडची खोली, भट्टी आणि हाताला धरून दाखवणारे शिक्षक हे सगळं एका छपराखाली पुन्हा मिळायचं नाही. लिथोचा एक दगड घरी आणून ठेवायचा म्हटलं तरी चार माणसं लागतील.

मी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, करून शाळेत लागलो. शाळेत कागद, पेन्सिल, पोस्टर कलर. ग्रेड परीक्षेला मुलं बसवायची, स्थिरचित्राला मडकं आणि कांदे मांडायचे. ते काम मला आवडलं, आजही आवडतं. पण लिथोच्या दगडाला माझा हात लागला नाही, त्यामुळे तू सांगतेस ते मी कान देऊन ऐकतो. आधी कार्बोरंडमची, म्हणजे दगड घासायच्या कठीण खड्याची, जाड पूड, मग मधली, मग बारीक. पूड बदलताना दगड स्वच्छ धुवायचा, कारण जाड पुडीचा एक कण मागे राहिला तर ओरखडा पडतो आणि तो थेट छापात उतरतो. मग दगडावर पोलादी पट्टी आडवी धरून तिच्याखाली कागदाच्या पट्ट्या सरकवायच्या. कडेला कागद अडकला आणि मध्ये सहज निघाला तर मध्यभाग खोल गेलाय, पुन्हा घासायचं. तू हे वैतागून सांगत होतीस, पण मला फार बरं वाटलं. सपाट म्हणजे किती सपाट हे तुझ्या तळहाताला कळायला लागलंय.

पुण्याहून लोणावळ्याला जाताना मळवली स्टेशन लागतं, आठवतंय? राजा रविवर्म्याचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे या मळवलीला गेला. तुझ्या पणजीच्या देवघरातल्या लक्ष्मी-सरस्वतीसारखी चित्रं अशाच दगडांवरून छापली जायची. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर अचूक बसला पाहिजे. त्या दगडांवर काम करणाऱ्या कारागिरांची नावं आपल्याला माहीत नाहीत, पण चित्रं घराघरांत पोचली ती त्यांच्या हातांमुळे.

आता कॅनव्हासचं. तयार कॅनव्हास मिळतो हे खरं. पण त्यावर काय लावलंय हे माहीत नसेल, तर पुढे चित्राला भेगा पडल्यावर कारण कुठे शोधणार? कोऱ्या कापडावर थेट तेलरंग लावला तर जवसाचं तेल धाग्यात शिरतं आणि कापड हळूहळू ठिसूळ होतं. म्हणून आधी सरस, मग अस्तर, म्हणजे रंगाखालचा तयारीचा थर. सरसाला उकळी येऊ द्यायची नाही, आली की त्याची पकड जाते. भांड्यात पाणी घेऊन त्यात दुसरं भांडं ठेवायचं आणि मंद आचेवर विरघळवायचं. आणि आपल्या पावसाळ्यात सरस ओल खातो, फुगतो, उन्हाळ्यात आकसतो. त्यामुळे इकडच्या हवेला कोणतं अस्तर बरं, ॲक्रिलिकचं की सरसाचं, हा प्रश्न तू सरांना जरूर विचार. युरोपातल्या थंड कोरड्या स्टुडिओसाठी लिहिलेली कृती कोकणातल्या घरात तशीच चालेल असं मला वाटत नाही.

तेलरंग वाळतो म्हणजे पाण्यासारखा उडून जात नाही. तेल हवेतला ऑक्सिजन घेतं आणि घट्ट होतं. म्हणून खालच्या थरात तेल कमी, वरच्यात जास्त. शिवाय प्रत्येक रंगाची चाल निराळी. अंबर हा मातकट तपकिरी लवकर वाळतो. आयव्हरी ब्लॅक हा काळा आणि अलिझरिन क्रिमसन हा गडद लाल रेंगाळतात. काळा जाड लावून त्यावर घाईने अंबर चढवलास तर वरचा थर आधी ताठ होईल, खालचा हलत राहील आणि भेगा पडतील.

हेच ऑक्सिजन घेणं धोक्याचंही आहे, आणि हे वाक्य दोनदा वाच. जवसाचं तेल पुसलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नकोस. आतल्या आत तापून ती आपोआप पेटतात. एकेक मोकळी पसरून वाळव, नाहीतर पाणी घातलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाक. होस्टेलच्या खोलीत तर असा ढीग मुळीच नको. एचिंगच्या छापासाठी कोरायची जस्ताची प्लेट नायट्रिक ॲसिडमध्ये असताना पिसाने बुडबुडे सारतेस ना, तेव्हा तपकिरी वाफ दिसली की मागे हो, पंखा चालू आहे का बघ. पाण्यात ॲसिड घालायचं, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. खोलीत एकटी असशील तर ॲसिडचं काम काढूच नकोस. आईला यातलं काही सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

माध्यम न समजता हात लावला तर काय होतं, ते अजिंठ्याला दिसतं. तिथे भिंतीवर तूस आणि तंतू मिसळलेल्या मातीचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि तो वाळल्यावर डिंका-सरसात कालवलेले रंग: गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ, आणि अफगाणिस्तानातून आलेला लाजवर्द, म्हणजे निळ्या दगडाची पूड. दीड हजार वर्षं झाली तरी तो निळा अजून निळा आहे. १८७२ ते १८८५ या काळात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स विद्यार्थ्यांना घेऊन तिथे नकला करत होते. पेस्तनजी बोमनजी त्यांच्यातलेच. त्या नकलांपैकी बऱ्याचशा लंडनमध्ये आगीत जळाल्या. पण मूळ चित्रं उठून दिसावीत म्हणून त्यांच्यावर वार्निश चढलं, आणि पुढे १९२० च्या सुमारास निजामाने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी लाखेचा थर दिला. तो पिवळा पडला, त्यावर धूळ बसली, आणि मग पुरातत्त्व खात्याला वर्षानुवर्षं तेच वार्निश अलगद काढत बसावं लागलं. सगळे मन लावून काम करणारे लोक होते. म्हणून तर मला काळजी वाटते, की मन लावण्याबरोबर पदार्थाचं ज्ञानही हवं.

तू बडोद्यात आहेस हे तर फारच चांगलं. तुमचं महाविद्यालय १९५० चं, आणि तिथला चित्रकला विभाग उभा केला तो ना. श्री. बेंद्रे यांनी, इंदूरच्या मराठी माणसाने. आणि रविवारी कीर्ती मंदिरात जा. नंदलाल बोसांनी १९३९ ते १९४६ या काळात तिथल्या चारही भिंती रंगवल्या: गंगावतरण, मीराबाई, नटीर पूजा, महाभारताचं युद्ध. आधी लांबून बघ, मग जितकं जवळ जाऊ देतील तितकी जा, आणि रेघ कुठे जाड होते, रंगाचा थर किती पातळ आहे हे वहीत टिपून घे. फोटो काढून परत येऊ नकोस.

एक काम सांगतो, करशीलच. तुझ्याकडचे सगळे रंग एका पुठ्ठ्यावर पट्ट्यापट्ट्यांनी लाव, पातळही आणि जाडही. अर्धा भाग काळ्या कागदाने झाक, मागे तारीख आणि कंपनी लिही, आणि उन्हाच्या खिडकीत ठेवून दे, म्हणजे कोणता रंग उन्हाने किती उडतो ते कळेल. अलिझरिनवर विशेष नजर ठेव. मी इथे शाळेच्या रंगांचा तसाच एक पुठ्ठा दक्षिणेच्या खिडकीत लावलाय.

खात्यात पैसे टाकलेत. त्यातून स्वस्तातले दहा ब्रश आणू नकोस. हॉगचे, म्हणजे डुकराच्या राठ केसांचे, दोन चांगले घे, रोज काम झालं की आधी टर्पेंटाइनने आणि मग साबणाने मुळापर्यंत धू, आणि आडवे वाळव. दिवाळीला येताना पुठ्ठा आणि दगडाचा पहिला छाप दोन्ही आण, छाप बिघडलेला असला तरी.

बाबा