तिसऱ्या रांगेतला वाचणारा

मित्रवर्य,

(एवढा मान पुढच्या पत्रात मिळणार नाही.) गुडघा आहे तिथेच आहे, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठीक. आता मुद्द्यावर येतो. हे घरी सांगून उपयोग नाही आणि कमिटीत सांगायची सोय नाही.

महोत्सव पार पडला. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेल्या फिल्म दाखवायच्या तर सरकारची सूट लागते आणि ती नोंदणी केलेल्या प्रतिनिधींपुरतीच असते. म्हणून यंदाही अख्खं गाव ‘डेलिगेट’ झालं. गळ्यात बिल्ला घालून लोक बाजारातसुद्धा फिरत होते. जाड्याने तर तो अजून काढलेला नाही.

दुसऱ्या संध्याकाळी बाहेरची एक फिल्म होती. भाषा आपल्याकडे कुणालाच न येणारी, खाली इंग्रजी ओळी. दिग्दर्शक स्वतः आला होता, पदरचं भाडं खर्चून. तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ आईला घेऊन बसले होते. तिला कळावं म्हणून ते खालच्या ओळी मराठीत सांगायला लागले, अगदी कानाशी. तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, “अहो, जरा मोठ्यानं!” झालं. थोड्याच वेळात अर्धं सभागृह त्यांचं ऐकत होतं.

तुला ठाऊक आहे, खाली फार तर दोन ओळी येतात आणि पाच-सहा सेकंदांत जातात. तेवढ्यात वाचायचं, मराठी जुळवायचं आणि सांगायचं. गृहस्थांना घाम फुटला होता. पडद्यावर बापाच्या दहनानंतर भावाभावांचं भांडण जुंपलं, तेव्हा ते मागे पडले आणि हात वर करून म्हणाले, “थांबा हो, दोघंही एकदम बोलतायत!” सभागृहात हशा. दिग्दर्शक दाराशी उभा होता.

नंतर तो माझ्याशी शांतपणेच बोलला, ते जास्त लागलं. म्हणाला, त्या भांडणातली शांतता आम्ही किती दिवस बसून रचली होती, तुमच्याकडे ती कुणी ऐकलीच नाही. त्याचं चुकत नाही, हीच पंचाईत आहे. पुढच्या वर्षी असंच असेल तर मित्रांना फिल्म पाठवा म्हणून सांगणार नाही, असंही म्हणाला.

लगेच आपल्या तरुण चिटणीसाने नियम लिहून काढला: ‘सभागृहात बोलण्यास सक्त मनाई’. रविवारी मतदान. त्याला आपल्या गावाचा सनडान्स करायचाय, म्हणजे अमेरिकेतला तो बडा फिल्म महोत्सव. मी म्हटलं, बाबा रे, सनडान्स १९८१ पासून पार्क सिटी नावाच्या छोट्या गावात भरत होता, पण इतका वाढला की ते गाव पुरेना आणि २०२७ पासून तो बोल्डर शहरात चाललाय. आपलं गाव सोडून आपण कुठे जायचं? त्यापेक्षा गोरखपूरचा महोत्सव बघ, २००६ पासून प्रायोजकांशिवाय, लोकांच्या वर्गणीवर. तो म्हणाला, काका, तुम्ही विषय बदलताय. थोडा बदलत होतोही.

आता तू हसत असशील. हसू नकोस. फिल्म सोसायटीत तू माझ्या शेजारी बसून जे करायचास ते वेगळं होतं. हे गृहस्थ पडद्यावर जे आहे ते सांगतात. तू जे अजून व्हायचंय ते सांगायचास. सरांनी तुला बाल्कनीत धाडलं ते योग्यच होतं, आणि या बाबतीत मरेपर्यंत माझं मत बदलणार नाही.

पण एरवी मी या गृहस्थांच्या बाजूचा आहे. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी उभं राहून गोष्ट सांगणारे ‘बेन्शी’ असायचे आणि कित्येक लोक नटापेक्षा त्यांच्यासाठी तिकीट काढायचे. हे कमिटीत सांगितलं तर खजिनदार म्हणाले, मग पुढच्या वेळी मूकपटच आणा.

मराठी ओळी आपणच बसवू, असाही ठराव आला. कागदावर छान दिसतो. पण थिएटरची प्रत बहुतेक वेळा कुलूपबंद येते, तिची चावी ठरलेल्या मशीनवर आणि ठरलेल्या मुदतीतच चालते. आधी बसून ओळी जुळवायच्या तर दिग्दर्शकाने साधी प्रत आणि संवादयादी महिनाभर आधी द्यायला हवी. एकट्यादुकट्याने फिल्म करणारी ही माणसं मूळ फिल्मच आदल्या आठवड्यापर्यंत कापत बसलेली असतात. आणि एवढं करून काय? त्या आईला मराठीही वाचता येत नाही. तिच्यासारख्या निम्म्या रांगा असतात आपल्याकडे. त्यांच्यासाठी नाही तर हा महोत्सव आपण कोणासाठी भरवतो, हे चिटणीसाने मला लिहून द्यावं.

मी गृहस्थांच्या घरी जाऊन आलो. म्हटलं, माईक देतो, दुपारचा एक खेळ तुमचा, रात्रीचा खेळ शांततेत. ते नाही म्हणाले. “माईकवर मी आईला सांगत नसेन, तुम्हाला सांगत असेन. आणि तुम्हाला इंग्रजी येतं.” यावर काय बोलणार! शिवाय दोन खेळ म्हणजे दोनदा मानधन, ते कुठून आणायचं, हा खजिनदारांचा प्रश्न आहेच.

म्हणून तुला विचारतोय. त्या बाल्कनीतून तुला आमचं सभागृह कसं दिसायचं? चिडला होतास की मजेत होतास? हे मी तेव्हा विचारलं नाही, कारण आपण बोलतच नव्हतो. रविवारच्या आत लिही. फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस.

नव्या घरात सामान लागलं का? धाकटीचा निकाल कळव, वहिनींना नमस्कार सांग. भावाशी तुझं जे चाललंय त्यात मी पडणार नाही, पण चूक तुझीच असणार.

तुझाच

ता. क. सोसायटीची ती लांब वायर तुझ्याच माळ्यावर आहे. ‘हरवली’ म्हणून सांगू नकोस, जाड्याने पाहिली आहे. पाठवून दे.