कोणती सीआरपी केली, तेवढे तरी लिहा

महोदय,

‘फुल बॉडी चेकअप’च्या जाहिरातींचा सध्या सुकाळ आहे. त्यात कोलेस्टेरॉल असतेच. सीआरपी म्हणजे शरीरातील दाह (सूज) दाखवणारे रक्तातील प्रथिन. ते अगदी थोडे असले तरी मोजणारी, हृदयासाठीची हाय-सेन्सिटिव्हिटी, म्हणजे एचएस-सीआरपी, चाचणी मात्र क्वचितच. आमच्याकडच्या एका लॅबने साधी सीआरपी करून ‘५ पेक्षा कमी, नॉर्मल’ असा शेरा मारून दिला. हृदयाच्या धोक्याचा हिशेब तर लिटरमागे १ आणि ३ मिलिग्रॅम या आकड्यांवर होतो. मग ‘५ पेक्षा कमी’ वाचून डॉक्टरांनी काय अंदाज बांधायचा?

अमेरिकेत सुमारे २८ हजार स्त्रियांचे रक्त एकदाच तपासून पुढे ३० वर्षे त्यांच्या प्रकृतीचा मागोवा घेतला गेला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात हृदयविकाराशी सीआरपीचा संबंध एलडीएलपेक्षाही, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलपेक्षाही, ठळक दिसला. पण म्हणून काही एलडीएलकडे काणाडोळा करून चालणार नाही. ते वाढले असेल तर उपचार हवेतच. शिवाय दाढ सुजली, ताप आला तरी सीआरपी चढते. आकडा १० च्या वर गेला तर घाबरून न जाता बरे झाल्यावर ती पुन्हा करावी लागते, हे पॅकेजवाले कुठे सांगतात?

लॅबवाल्यांनी निदान कोणती सीआरपी केली, ते रिपोर्टवर ठळक छापावे.

– एक वाचक, सातारा